ब्लॅकलाइट : रुग्णालयाच्या संकेतस्थळाची झडती घेणारे एक मोफत साधन

ब्लॅकलाइटच्या पानावर आपल्याला करण्यासारखे एकच काम आहे. एका चौकटीत संकेतस्थळाचा पत्ता टाकायचा, बटण दाबायचे आणि मिनिटभर थांबायचे. नोंदणी नाही, पैसे नाहीत, कोणी आपला ई-मेलही विचारत नाही. तेवढ्या वेळात हे साधन कुठल्याशा सर्व्हरवर खराखुरा क्रोम ब्राउझर चालू करते, आपण दिलेल्या संकेतस्थळावर जाते, मुखपृष्ठाखेरीज तिथलेच आणखी एखादे पान स्वतःहून निवडून उघडते, आणि या भेटीत त्या ब्राउझरकडून कोणाकोणाला काय कळवले गेले याचा तक्ता आपल्यासमोर मांडते. अमेरिकेतील ‘द मार्कअप’ या ना-नफा वृत्तसंस्थेने सप्टेंबर २०२० मध्ये ते सर्वांसाठी खुले केले. पत्रकार आणि अभियंता अशा दोन्ही नात्यांनी काम करणारे सूर्या मट्टू हे त्याचे कर्ते. २०२४ मध्ये ही संस्था कॅलिफोर्नियातील ‘कॅलमॅटर्स’ या वृत्तसंस्थेत सामील झाली, पण साधन त्यानंतरही चालू राहिले.

बातम्यांच्या किंवा खरेदीच्या संकेतस्थळांवर ट्रॅकर, म्हणजे आपण काय पाहतो याची खबर बाहेरच्या कंपन्यांना देणारे छुपे कोड, असतात, यात आता कोणाला नवल वाटत नाही. ब्लॅकलाइट खुले करतानाच द मार्कअपने ८० हजारांहून अधिक लोकप्रिय संकेतस्थळे त्यातून तपासून काढली होती आणि त्यांतल्या बहुसंख्य ठिकाणी कोणता ना कोणता ट्रॅकर निघालाच होता. प्रस्तुत परीक्षणात मात्र मी हे साधन एकाच कसोटीवर पाहिले आहे. रुग्णालये, निदान प्रयोगशाळा, घरबसल्या डॉक्टरांशी बोलणे घडवून आणणाऱ्या सेवा आणि ऑनलाइन औषधविक्रेते यांच्या संकेतस्थळांवर रुग्णावर पाळत ठेवली जाते की नाही, हे कळण्यासाठी ते कितपत कामाचे आहे? साडीच्या दुकानाच्या पानाचा पत्ता बाहेर गेला, तर फार तर आठवडाभर साड्यांच्या जाहिराती मागे लागतात. ‘वंध्यत्व उपचार’, ‘व्यसनमुक्ती’ किंवा ‘एचआयव्ही चाचणी’ असे शब्द ज्याच्या पत्त्यातच आहेत ते पान कोणी उघडले होते, ही माहिती मात्र केसपेपरवरच्या नोंदीहून फारशी निराळी राहत नाही.

माझे मत आधीच सांगून टाकतो. ब्लॅकलाइट ‘सापडले’ म्हणाले तर त्यावर विश्वास ठेवावा; ‘सापडले नाही’ म्हणाले तर ठेवू नये. पुढचे सगळे विवेचन या दुसऱ्या अर्ध्याविषयी आहे, कारण घोळ तिथेच आहे.

अहवालातली सर्वांत महत्त्वाची ओळ म्हणजे ‘फेसबुक पिक्सेल’ आढळला की नाही ही. हा पिक्सेल काय करतो हे एकदा जवळून पाहिलेले बरे. फेसबुकची मालक कंपनी मेटा हिच्याकडून मिळालेल्या जावास्क्रिप्ट कोडच्या थोड्या ओळी संकेतस्थळाच्या मालकाने आपल्या पानात डकवलेल्या असतात. पान उघडले की त्या ओळी ब्राउझरला फेसबुकच्या सर्व्हरवरील ‘टीआर’ या पत्त्याकडे एक विनंती पाठवायला लावतात. त्या विनंतीच्या शेपटीला ‘आयडी’ म्हणजे पिक्सेलचा क्रमांक, ‘ईव्ही’ म्हणजे घडलेली घटना, ‘डीएल’ म्हणजे आपण ज्या पानावर आहोत त्याचा अख्खा पत्ता आणि ‘आरएल’ म्हणजे त्याआधीच्या पानाचा पत्ता जोडलेला असतो. एखादे बटण दाबले, तर त्या बटणावरचा मजकूरही पुढच्या विनंतीतून जाऊ शकतो. आयपी पत्ता, म्हणजे इंटरनेटवरचा आपल्या जोडणीचा क्रमांक, तर जातोच. शिवाय त्याच ब्राउझरमध्ये फेसबुकवर लॉग-इन केलेले असेल आणि कुकींना, म्हणजे ओळख पटवण्यासाठी संकेतस्थळे ब्राउझरमध्ये ठेवतात त्या छोट्या नोंदींना, अटकाव केलेला नसेल, तर ही व्यक्ती फेसबुकवरील नेमकी कोण हे सांगणारी कुकीही सोबत जाते. रुग्णाचे नाव त्या विनंतीत कुठेच लिहिलेले नसते, कारण लिहिण्याची गरजच पडत नाही.

हे केवळ तर्काने सांगितलेले नाही. जून २०२२ मध्ये द मार्कअपने ‘स्टॅट’ या आरोग्यविषयक वृत्तसंस्थेबरोबर एक शोधवृत्त प्रसिद्ध केले. न्यूजवीकच्या यादीतल्या अमेरिकेतील १०० आघाडीच्या रुग्णालयांपैकी ३३ रुग्णालयांच्या संकेतस्थळांवर डॉक्टरची वेळ ठरवण्याचे बटण दाबताच मेटाकडे माहिती जात होती. क्लीव्हलँडच्या युनिव्हर्सिटी हॉस्पिटल्सच्या संकेतस्थळावरून बटणाचा मजकूर, डॉक्टरचे नाव आणि ते डॉक्टर शोधण्यासाठी वापरलेला ‘गर्भपात’ या अर्थाचा शोधशब्द अशा तिन्ही गोष्टी बाहेर पडल्या. विस्कॉन्सिनच्या फ्रोडर्ट रुग्णालयाच्या पानावर आजारांच्या यादीतून ‘अल्झायमर’ निवडले होते. तो शब्दही गेला. ज्या वर्षी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने गर्भपाताचा घटनात्मक हक्क काढून घेतला, त्याच वर्षीची, त्याच महिन्यातली ही गोष्ट आहे, हे लक्षात घेतले म्हणजे तो पहिला शोधशब्द किती महागात पडू शकला असता ते वेगळे सांगायला नको.

आता साधनाकडे वळतो. ब्लॅकलाइट जाहिरात ट्रॅकर, त्रयस्थ कुकी, कॅनव्हास फिंगरप्रिंटिंग (ब्राउझरला अदृश्य चित्र काढायला लावून त्यावरून तो यंत्रानिशी ओळखणे), वापरकर्त्याच्या हालचालींचे चित्रण, टंकलेल्या मजकुराची चोरटी नोंद, फेसबुक पिक्सेल आणि गूगल ॲनालिटिक्सची जाहिरातींसाठीची जोडणी अशा गोष्टी तपासते. यातले ट्रॅकर आणि कुकींचे आकडे अहवालात सर्वांत वर, मोठ्या अक्षरांत येतात आणि वाचणाऱ्याचे लक्ष प्रथम तेच ओढून घेतात. रुग्णालयाच्या बाबतीत ते सर्वांत कमी महत्त्वाचे आहेत.

टंकलेल्या मजकुराची चाचणी मात्र मला मनापासून आवडली, कारण तीत चांगलीच कल्पकता आहे. ब्लॅकलाइट पानावरच्या अर्जाच्या रकान्यांत स्वतःचा ठरलेला बनावट मजकूर भरते, पण अर्ज पाठवण्याचे बटण दाबत नाही. मग ते बाहेर जाणाऱ्या प्रत्येक विनंतीत आपला तो मजकूर शोधते. नुसता जसाच्या तसा नव्हे, तर बेस-६४, एमडी-५, एसएचए-२५६ अशा सांकेतिक रूपांत बदलून पाठवला असेल तरीही तो ओळखते. बटण न दाबताच तो मजकूर त्रयस्थाकडे पोहोचला, तर त्याचा अर्थ उघड आहे. ‘आपली तक्रार थोडक्यात लिहा’ या रकान्यात कोणी दोन ओळी लिहिल्या, मग संकोच वाटून पुसून टाकल्या, तरी त्या दुसरीकडे नोंदल्या गेलेल्या असू शकतात. हालचालींच्या चित्रणाची चाचणीही याच जातीची. पानावर माउस कुठे फिरला, कुठे थांबला, काय टंकले याची फीत बनवून विपणन विभागाला पुन्हा पुन्हा पाहता येईल अशी सोय देणाऱ्या कंपन्या आहेत आणि त्यांच्या स्क्रिप्ट पानावर आहेत का हे ब्लॅकलाइट माहीत असलेल्या पत्त्यांच्या यादीशी ताडून सांगते. यादीबाहेरची कंपनी अर्थातच निसटते.

कॅनव्हास फिंगरप्रिंटिंगवर अधिक लिहीत नाही. ते वाईटच, पण रुग्णालयांच्या संकेतस्थळांवर मला ते क्वचितच दिसले.

खरा आक्षेप अहवालातल्या एका वाक्यावर आहे. ट्रॅकरचा आकडा सांगून झाल्यावर ब्लॅकलाइट तो लोकप्रिय संकेतस्थळांच्या सरासरीशी ताडून दाखवते: जाहिरात ट्रॅकरसाठी सात आणि त्रयस्थ कुकींसाठी तीन. आमच्या भागातल्या एका मोठ्या मल्टिस्पेशालिटी रुग्णालयाचे संकेतस्थळ तपासले, तेव्हा ट्रॅकरची संख्या या सरासरीहून कमी आली आणि अहवालाने तसे सांगितले. वाचणारा साहजिकच सुटकेचा निःश्वास टाकील. त्याच अहवालात बरेच खाली फेसबुक पिक्सेल सापडल्याची नोंद होती. मग मी ब्राउझरमधली डेव्हलपर टूल्स उघडून, पानाकडून बाहेर जाणाऱ्या विनंत्यांची यादी दाखवणाऱ्या ‘नेटवर्क’ या टॅबच्या गाळणीत ‘फेसबुक’ टाकले, कर्करोग विभागातल्या एका डॉक्टरांच्या पानावर गेलो आणि ‘अपॉइंटमेंट घ्या’ हे बटण दाबले. लगोलग एक नवी ओळ उमटली. तिच्या ‘डीएल’मध्ये विभागाचे नाव होते, डॉक्टरांचे नाव होते, आणि बटणावरची अक्षरे वेगळी जोडलेली होती. सरासरीहून कमी ट्रॅकर असलेल्या संकेतस्थळाने एका अनोळखी माणसाला कर्करोगतज्ज्ञाची वेळ हवी आहे ही खबर एका जाहिरात कंपनीला दिली होती. बातम्यांच्या संकेतस्थळांशी रुग्णालयाची तुलना करणेच मुळात चूक आहे. इथे सरासरी शून्यच असायला हवी. साधनाच्या कर्त्यांना हे कळत नसेल असे नाही, कारण रुग्णालयांचे ते शोधवृत्त त्यांचेच आहे. तरीही अहवालाचा साचा सगळ्यांसाठी एकच ठेवला आहे.

याच प्रसंगातून दुसरी मर्यादाही पुढे येते. ब्लॅकलाइट पान उघडते, खाली सरकते, रकाने भरते. पण डॉक्टर निवडणे, तारीख निवडणे, बटण दाबणे ही रुग्ण करतो ती कामे ते करीत नाही. पिक्सेल आहे एवढे ते सांगते, त्यातून काय गेले ते आपले आपण शोधायचे. दाराबाहेरच्या चपला पाहून घरात कोण आले आहे हे कळते, आत काय बोलणे चालले आहे ते कळत नाही, तशातला हा प्रकार आहे. दोन पानांची तपासणीही तोकडीच पडते. मुखपृष्ठ आणि ‘आमच्याविषयी’ ही पाने स्वच्छ, आणि अपॉइंटमेंटचा अर्ज मात्र भलत्याच उपपत्त्यावर (सबडोमेनवर), तिथे वेगळाच पसारा, असे रुग्णालयांच्या बाबतीत सर्रास असते, कारण अर्जाचे काम बहुधा दुसऱ्या कंपनीकडून करून घेतलेले असते. त्यावर उपाय आहे, पण तो सर्वांना जमणारा नाही. ब्लॅकलाइटचा मूळ कोड खुला आहे. तो आपल्या संगणकावर चालवला तर पाहिजे ते पान आणि पाहिजे तितकी पाने तपासता येतात, आणि पत्त्यांची यादी देऊन अनेक संकेतस्थळे एका दमात तपासण्याचीही सोय आहे. एखाद्या महाविद्यालयातल्या विद्यार्थ्यांनी आपल्या जिल्ह्यातल्या सगळ्या रुग्णालयांची अशी पाहणी करायला काहीच हरकत नाही.

आणि लॉग-इन? तिथे ब्लॅकलाइट थांबते. अमेरिकेत राहणाऱ्या मराठी कुटुंबांना ‘मायचार्ट’सारखी रुग्ण-पोर्टले नवी नाहीत. चाचण्यांचे निकाल, औषधांची यादी, डॉक्टरांशी झालेला लेखी संवाद हे सगळे तिथे पासवर्डच्या आड असते. २०२२ च्या त्या शोधवृत्तात सात आरोग्यसंस्थांच्या अशा पोर्टलांच्या आतसुद्धा पिक्सेल सापडला होता. पण तो शोधण्यासाठी द मार्कअपला ब्लॅकलाइट पुरले नाही. मोझिलाच्या ‘रॅली’ या उपक्रमातून स्वयंसेवकांनी आपापल्या ब्राउझरमध्ये एक एक्स्टेन्शन, म्हणजे छोटा जोड-प्रोग्रॅम, बसवून घेतले, आपापल्या खात्यांत नेहमीप्रमाणे वावरले, आणि त्यांच्या संमतीने मिळालेल्या नोंदींतून ही गोष्ट उघडकीस आली. आपल्याच साधनाच्या मर्यादा त्या पत्रकारांना पक्क्या ठाऊक होत्या असा याचा अर्थ. नॉर्थ कॅरोलायनातल्या नोव्हान्ट हेल्थने त्याच वर्षी ऑगस्टमध्ये सुमारे १३ लाख ६२ हजार लोकांना पत्रे धाडली. कोविडच्या काळात, मे २०२० मध्ये, अधिकाधिक रुग्णांनी पोर्टल वापरावे म्हणून काढलेल्या मोहिमेतला पिक्सेल चुकीच्या पद्धतीने बसवला गेला आणि त्यामुळे पोर्टलमधली माहितीही मेटाकडे गेली असण्याची शक्यता आहे, असे त्यात कळवले होते. पुढे एप्रिल २०२४ मध्ये कैसर पर्मनेन्टेने अशाच स्वरूपाच्या प्रकाराची सूचना दिली, तेव्हा आकडा १ कोटी ३४ लाखांवर गेला.

या लॉग-इनच्या सीमेला कायद्यातही महत्त्व आले आहे. अमेरिकेत रुग्णाच्या माहितीचे रक्षण करणारा मुख्य केंद्रीय कायदा हिपा, १९९६ चा. त्या काळी ट्रॅकिंग पिक्सेल कोणाच्या गावी नव्हता. डिसेंबर २०२२ मध्ये तिथल्या आरोग्य खात्याच्या नागरी हक्क कार्यालयाने एक मार्गदर्शक पत्रक काढून अशी भूमिका घेतली, की लॉग-इन न करता उघडणाऱ्या पानांवरही, भेट देणाऱ्याचा आयपी पत्ता आणि त्याने पाहिलेला आजाराचा विषय हे दोन्ही एकत्र बाहेर गेले तर ती संरक्षित आरोग्यमाहिती ठरू शकते. रुग्णालयांच्या संघटनेने न्यायालयात धाव घेतली आणि २० जून २०२४ रोजी टेक्सासमधील संघराज्यीय न्यायालयाने पत्रकाचा नेमका तेवढा भाग रद्द केला. खात्याने अपील पुढे रेटले नाही. पासवर्डच्या आतल्या पानांविषयीची भूमिका मात्र कायम राहिली. म्हणजे हिपाचा हात जिथे भक्कम पोहोचतो तिथे ब्लॅकलाइट पोहोचत नाही, आणि ब्लॅकलाइट जिथे पोहोचते तिथे हिपाचा हात न्यायालयाने आखडायला लावला आहे. साधन वापरून एखाद्या रुग्णालयाच्या उघड्या पानांवर पिक्सेल सापडला, म्हणून ‘हिपाचा भंग झाला’ असे लिहून मोकळे होणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावे.

अर्थात उघड्या पानांवर रान मोकळे आहे असेही नाही. संघराज्यीय व्यापार आयोगाने फेब्रुवारी २०२३ मध्ये औषधांवर सवलत मिळवून देणाऱ्या गुडआरएक्स या कंपनीला, ग्राहकांची आरोग्यमाहिती फेसबुक, गूगल आदींना पुरवल्याबद्दल १५ लाख डॉलरचा दंड लावला. आरोग्यमाहितीच्या फुटीची सूचना देण्याविषयीचा आयोगाचा नियम त्या वेळी पहिल्यांदाच वापरला गेला. पाठोपाठ मार्चमध्ये ऑनलाइन समुपदेशन देणाऱ्या बेटरहेल्पवर ७८ लाख डॉलर देण्याची वेळ आली. याशिवाय राज्याराज्यांतले दूरध्वनीवरचे चोरून ऐकणे रोखणारे जुने कायदे वकिलांनी बाहेर काढले आहेत. त्यांची गत राज्यागणिक वेगळी. मॅसॅच्युसेट्सच्या सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२४ मध्ये, संकेतस्थळ चाळण्याला आपला तसा कायदा स्पष्टपणे लागू होत नाही असे म्हणून रुग्णालयांच्या बाजूने निकाल दिला, तर सॅन फ्रान्सिस्कोतील ज्यूरीने ऑगस्ट २०२५ मध्ये मासिक पाळीच्या नोंदी ठेवणाऱ्या ‘फ्लो’ ॲपच्या खटल्यात कॅलिफोर्नियाच्या कायद्याखाली मेटाला दोषी धरले. हा दुसरा खटला ॲपचा होता, हेही इथे नमूद करायला हवे, कारण ॲपच्या पोटातल्या ट्रॅकरपर्यंत ब्लॅकलाइट जाऊच शकत नाही. ते केवळ संकेतस्थळांसाठी आहे.

मात्र या साधनाच्या भवितव्याची काळजी वाटावी असे कारण वेगळेच आहे. ब्राउझरातून जाणाऱ्या विनंत्या लोकांना दिसतात, ब्राउझर त्या अडवू लागले आहेत, आणि म्हणून जाहिरात कंपन्यांनी दुसरा रस्ता तयार केला आहे. मेटाच्या ‘कन्व्हर्जन्स एपीआय’मध्ये माहिती रुग्णाच्या ब्राउझरातून जात नाही, ती आधी रुग्णालयाच्या स्वतःच्या सर्व्हरवर येते आणि तिथून मेटाच्या सर्व्हरकडे रवाना होते. ई-मेल आणि फोन क्रमांक एसएचए-२५६ ने हॅश करून, म्हणजे मूळ मजकूर उलगडता येऊ नये अशा अक्षरमालेत बदलून, पाठवले जातात, त्यामुळे ते निनावी झाले असे विपणनवाले सांगतात. पण एकाच फोन क्रमांकाचा हॅश दर वेळी एकच येतो आणि मेटाकडे आपल्या ग्राहकांच्या क्रमांकांचे हॅश असतातच. दोन्ही जुळवले की माणूस हाती लागतो, नव्हे, तो हाती लागावा म्हणूनच हे सगळे केलेले असते. या वाहतुकीतले ब्लॅकलाइटला काहीही दिसत नाही. नेटवर्क टॅबलाही दिसत नाही. जे रुग्णालय खटल्यांना घाबरून ब्राउझरमधला पिक्सेल काढते आणि सर्व्हरमार्गे तेच काम चालू ठेवते, त्याचा अहवाल स्वच्छ येईल. २०२० मध्ये ‘सापडले नाही’ या उत्तराला जेवढे मोल होते, तेवढे आता उरलेले नाही, ते यामुळे.

रुग्णालये हे करतात तरी का, असा प्रश्न पडतो. बहुतेक ठिकाणी त्यामागे कोणाचा दुष्टावा नसतो. जाहिरात मोहीम चालवणाऱ्या एजन्सीला खर्च केलेल्या पैशातून किती अपॉइंटमेंट आल्या हे दाखवायचे असते, ती ‘एवढा कोड टाका’ म्हणते, संकेतस्थळ सांभाळणारा मुलगा तो टॅग मॅनेजरमधून, म्हणजे असे कोड एका जागेवरून सगळ्या पानांवर बसवणाऱ्या साधनातून, टाकून देतो, आणि एकदा टाकला की तो सगळ्या पानांवर जातो, कर्करोगाच्या आणि मानसोपचाराच्याही. डॉक्टरांना याचा पत्ता नसतो. रुग्णांची माहिती हाताळणाऱ्या बाहेरच्या कंपनीने ती जपण्याची हमी देणारा, हिपाला आवश्यक असलेला सहयोगी करार ॲनालिटिक्ससाठी आपण करीत नाही, असे गूगलने जाहीरपणे लिहून ठेवले आहे. ते वाचण्याची तसदी विपणन विभागात कोणी घेत नाही, आणि विधी विभागाला असा कोड बसला आहे हे सांगायला कोणी जात नाही. ब्लॅकलाइटचा खरा उपयोग मला इथे दिसतो. तांत्रिक अहवाल डॉक्टर वाचणार नाहीत, पण ‘या संकेतस्थळावर गेल्यावर फेसबुकला कळवले जाते’ असे साध्या वाक्यात सांगणारे पान त्यांच्यापुढे ठेवले तर पाच मिनिटांत सगळे समजते. अहवालातली वाक्ये इंग्रजीत असली तरी सुबोध आहेत, प्रत्येक शोधाखाली तो कसा लावला याचा खुलासा आहे, आणि त्या पानाची लिंक जशीच्या तशी कोणालाही पाठवता येते.

आपल्याकडच्या रुग्णालयांना हिपा लागू नाही. इथे २०११ च्या नियमांनी वैद्यकीय नोंदींना संवेदनशील माहितीचा दर्जा दिला होता. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात तसा वेगळा वर्गच ठेवलेला नाही. आरोग्यमाहिती ही इतर कोणत्याही वैयक्तिक माहितीसारखीच, संमतीच्या आणि सूचनेच्या त्याच अटींखाली. नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले आणि संस्थांवरची मुख्य बंधने त्यानंतर १८ महिन्यांनी लागू व्हायची आहेत. सुरक्षेची वाजवी व्यवस्था न ठेवल्याबद्दल दंडाची कमाल मर्यादा २५० कोटी रुपये आहे. पिक्सेलमार्फत विभागाचे नाव बाहेर जाणे हे संमतीविना केलेले आदानप्रदान ठरते की नाही यावर इथे निकाल यायचे आहेत, तरी संमती ‘मुक्त, विशिष्ट, माहितीपूर्ण, विनाअट आणि निःसंदिग्ध’ असावी अशी कायद्याची भाषा आहे. ‘हे संकेतस्थळ वापरत राहिलात तर तुम्हाला मान्य आहे’ अशा पट्टीने ती पुरी होईल असे मला वाटत नाही. ब्लॅकलाइट कुकींच्या पट्टीवरचे ‘मान्य’ दाबत नाही. म्हणजे त्याला जे सापडते ते संमती मिळण्याच्या आधीच चालू झालेले असते. भारतीय रुग्णालयांची तपासणी करणाऱ्याला अहवालाचा हा गुण फार उपयोगी पडेल.

रुग्णाने स्वतःसाठी हे साधन वापरावे का, असे कोणी विचारले तर माझे उत्तर ‘एकदा जरूर’ असे आहे, पण त्यावर संरक्षणाची भिस्त ठेवू नये. ब्लॅकलाइट काही अडवत नाही, फक्त दाखवते. अडवण्यासाठी ब्राउझरमध्ये ट्रॅकर रोखणारे एक्स्टेन्शन लागते, आणि पोर्टल ज्या ब्राउझरमध्ये उघडायचे त्यात फेसबुकवर लॉग-इन करू नये, एवढे केले तरी बराच फरक पडतो. वेळ ठरवायला रुग्णालयाला सरळ फोन लावणे हा मार्ग अजून बंद झालेला नाही. रुग्णालयाच्या व्यवस्थापनाने मात्र ते तिमाहीला एकदा चालवावे, डॉक्टरांची आणि अपॉइंटमेंटची पाने नेटवर्क टॅबमध्ये स्वतः उघडून पाहावीत, आणि एजन्सीला लेखी विचारावे: सर्व्हरमार्गे कोणाला काय पाठवले जाते? या शेवटच्या प्रश्नाचे उत्तर कोणतेही बाहेरचे साधन देऊ शकत नाही. माझ्या अनुभवात एजन्सीचे पहिले उत्तर ‘काहीच नाही’ असे येते; टॅग मॅनेजरच्या सर्व्हर कंटेनरमधली, म्हणजे सर्व्हरवरून माहिती पाठवणाऱ्या भागातली, टॅगांची यादी स्क्रीनशॉटसह मागितली की दुसरे उत्तर येते, आणि ते बरेच लांब असते.